आमच्यानंतर कोण, आणि आज कोण?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण, वक्त्या निवृत्त शिक्षिका आणि दिव्यांग मुलाच्या आई आहेत.)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीचे सभासद, आणि या पावसातही काचीगुड्यापासून कुकटपल्लीपर्यंतच्या घरांतून इथे आलेल्या माझ्या भावा-बहिणींनो,

या व्यासपीठावर आपण नाट्यगीतं ऐकतो, मुलांच्या नाटुकल्या बघतो, पाककलेच्या स्पर्धा रंगवतो. आज मात्र कार्यकारिणीने मला अर्ज, दाखले आणि कायद्याची कलमं यांवर बोलायला सांगितलं आहे. विषय रुक्ष आहे हे आधीच मान्य करते. पण ज्या घरात उचलून बसवावं लागणारं, भरवावं लागणारं किंवा एकटं सोडता न येणारं माणूस आहे, त्या घराला हा विषय रुक्ष वाटणार नाही. आणि अशी घरं आपल्या मंडळात आहेत. ती कार्यक्रमाला येत नाहीत, म्हणून दिसत नाहीत, एवढंच.

मी वकील नाही, डॉक्टर नाही. माझा मुलगा चौतीस वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला सगळं कळतं, क्रिकेट माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण आंघोळ, जेवण, कूस बदलणं यासाठी दुसऱ्याचे हात लागतात. त्याच्यामुळे मला हैदराबादेतली जी कार्यालयं माहीत झाली, त्यांच्याविषयी आज बोलते.

आमच्यासारखे पालक एकत्र जमले की एकच प्रश्न निघतो : आमच्यानंतर काय? हा प्रश्न खरा आहे. पण मला वाटतं, तो आपण जरा उलटा विचारतो. आधी विचारायला हवं : आज कोण? आज जर माझ्या मुलाला कसं उचलायचं, घास केवढा द्यायचा, कोणत्या आवाजाचा अर्थ काय, हे एकट्या माझ्याच हातांना ठाऊक असेल, तर माझ्यानंतर काहीच उरणार नाही. आज घरात दुसरा हात आला, कागद आज तयार झाले, तरच उद्याची सोय होते. आणि तो दुसरा हात मिळवून देण्यात सरकारचाही वाटा आहे. तो मागायचा कसा, हा आजचा विषय.

आपल्याकडे ‘सरकारी खर्चाने घरपोच काळजी’ अशी एकच एक योजना नाही. एका खिडकीवर अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवशी मदतनीस दारात उभा राहिला, असं होत नाही. आहेत ते वेगवेगळे तुकडे. पेन्शन एका ठिकाणी, विमा दुसऱ्या ठिकाणी, पालकत्व तिसऱ्या ठिकाणी. ते तुकडे जोडून गोधडी शिवायची असते. आणि गोधडीला अस्तर लागतं, ते अस्तर म्हणजे कायदा.

तर आधी कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, या कायद्यात एकवीस आहेत. त्यातल्या तीन गोष्टी घरच्या काळजीच्या दृष्टीने लक्षात ठेवा.

पहिली, कलम ५. दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी घरात आणि वस्तीत मिळणाऱ्या आधारसेवा, वैयक्तिक मदतनीससुद्धा, त्याच्या आवाक्यात असाव्यात असं हे कलम सांगतं. त्या सेवा देताना वय आणि स्त्री-पुरुष भेद यांचा विचार व्हावा, हेही त्यात आहे. चौतीस वर्षांच्या मुलाला आईने आंघोळ घालायची, यात त्याला काय वाटत असेल याचा विचार आपल्या घरांत फारसा होत नाही. कायद्याने तो केला आहे.

दुसरी, कलम २४. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मदत असावी, आणि ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजी घेणाऱ्याचा भत्ता असावा, असं या कलमात आहे. सरकारने आपल्या आर्थिक कुवतीनुसार हे करायचं आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याचं चित्र वेगळं आहे. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्याला महिन्याला ६०० रुपयांची मदत ठरली. शेजारच्या कर्नाटकाने २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्यांची काळजी घेणाऱ्यांना महिन्याला १००० रुपये जाहीर केले. रक्कम लहान आहे, हे मलाही कळतं. पण घरातल्या बाईचे कष्ट हे ‘काम’ आहे, असं सरकारी कागदावर आलं, ही गोष्ट लहान नाही. या कायद्याने काळजी घेणाऱ्या व्यक्तीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात आईवडील आणि घरची माणसंही येतात, पैसे घेऊन काळजी घेणारी येतात आणि न घेताही येतात.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरली जाणारी, कलम ३८. ज्याला ४० टक्के किंवा अधिक प्रमाणित दिव्यांगत्व आहे आणि ज्याला रोजच्या जगण्यासाठी मोठा आधार लागतो, तो त्या आधारासाठी सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. अर्ज मूल्यांकन मंडळाकडे जातो. मंडळ गरज तपासतं, कोणत्या प्रकारचा आधार हवा ते अहवालात लिहितं, आणि त्या अहवालाप्रमाणे, उपलब्ध योजनांच्या चौकटीत, आधार देण्यासाठी प्राधिकाऱ्याने पावलं उचलायची आहेत. मूल्यांकनाचे नियम २०१९ साली आले. आता या कलमातले चार शब्द नीट ऐका. हा अर्ज ती व्यक्ती स्वतः करू शकते, किंवा तिच्या वतीने ‘कोणतीही व्यक्ती किंवा संस्था’ करू शकते. संस्था म्हणजे कोण? आपलं मंडळही. या शब्दांकडे मी शेवटी परत येणार आहे.

आता कामाला लागू. क्रम सांगते.

सगळ्यात आधी दाखला आणि यूडीआयडी कार्ड. ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर अर्ज होतो, तपासणी सरकारने ठरवलेल्या रुग्णालयात होते. आपल्याकडे अनेकांचे जुने ‘सदरेम’चे दाखले आहेत. ज्यांच्याकडे यूडीआयडी नाही, त्यांनी ते काढून घ्यावं. कार्डाच्या रंगावरून टक्केवारी कळते : ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० पर्यंत पिवळं, ८० आणि त्यावर निळं. नांदेड-लातूरकडून पोटापाण्यासाठी इथे आलेली बरीच कुटुंबं आपल्या मंडळात आहेत. त्यांना वाटतं, दाखला महाराष्ट्रातला, इथे काय उपयोग? दाखला देशभर चालतो. पेन्शन मात्र राज्याची असते. तिकडची संजय गांधी निराधार योजना आणि इकडचं पेन्शन ही दोन वेगळ्या सरकारांची खाती. जिथे राहता तिथला पत्ता, तिथलं आधार, तिथलं रेशनकार्ड लागतं, आणि दोन्हीकडे एकदम हात पसरता येत नाही.

मग पेन्शन. तेलंगणात दिव्यांग पेन्शन २०२३ साली ३०१६ वरून ४०१६ रुपये झालं. केंद्राचं इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शन ८० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या दारिद्र्यरेषेखालच्या लोकांना आहे आणि केंद्राचा हिस्सा महिन्याला फक्त ३०० रुपये आहे. त्या मानाने राज्याची रक्कम बरीच मोठी. पण तिला उत्पन्नाची अट आहे.

इथे आपल्यातले बरेचजण मान हलवतात आणि म्हणतात, “ताई, मग आम्हाला काय मिळणार? आमच्याकडे कुठे पांढरं रेशनकार्ड आहे?” म्हणून उत्पन्नाची अट नसलेल्या गोष्टी आता सांगते.

एक, निरामय विमा. नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी आहे. त्यांच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो. आधी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही, आणि रुग्णालयात दाखल न होता झालेला औषधांचा, तपासण्यांचा, थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत यात बसतो. शुल्क काहीशे रुपये. अट एकच : दरवर्षी नूतनीकरण विसरायचं नाही, आणि प्रत्येक बिल जपायचं. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून सही-शिक्क्याची पावती घ्या. पहिल्या दिवशीच मागा, म्हणजे सहा महिन्यांनी तोंड वेंगाडावं लागत नाही.

दोन, पालकत्व. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने आपण त्याचे आपोआप पालक राहत नाही. बँकेत हे हमखास कळतं. या चार प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तरीय समिती असते. तिच्यात नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आईवडील किंवा नातेवाईक तिथे अर्ज करतात. पालकाची गरज खरंच आहे का आणि कशापुरती आहे, हे समिती बघते. पालक नेमला गेला की सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. ही कटकट वाटेल, पण आपण गेल्यावर आपल्या मुलाच्या पैशांचा हिशेब कुणीतरी विचारणार आहे, हीच तर आपली निश्चिंती. समितीचं प्रमाणपत्र बँकांनी मानावं, असं रिझर्व्ह बँकेनेही सांगितलेलं आहे. दुसऱ्या प्रकारचं दिव्यांगत्व असेल, तर २०१६ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची सोय आहे. त्यात निर्णय त्या व्यक्तीच्या जोडीने, तिच्या इच्छेप्रमाणे घ्यायचे असतात.

तीन, कुटुंब निवृत्तिवेतन. आपल्यात रेल्वेतून, केंद्राच्या खात्यांतून निवृत्त झालेले कितीतरी आहेत. स्वतः कमवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला केंद्र सरकारच्या नियमांत आईवडिलांच्या पश्चात हे वेतन जन्मभर मिळू शकतं. त्याच्या इतर उत्पन्नाला मर्यादा आहे, ती २०२१ साली सैल केली गेली. आपण हयात असतानाच मुलाचं नाव पेन्शनच्या आदेशात नोंदवून घेता येतं. ज्यांनी नोंदवलं नसेल, त्यांनी विसर्जनाची वाट न बघता उद्याच खात्याला पत्र लिहा. घरी मदतनीस ठेवायला महिन्याला नेमाने येणारा पैसा लागतो, आणि याच्याइतका भरवशाचा पैसा दुसरा नाही.

चार, सेवा. आपल्याच शहरात बोवेनपल्लीजवळ मनोविकासनगरला बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आहे. देशभरातून लोक तिथे येतात आणि आपण अर्ध्या तासावर राहून जात नाही. तिथे तपासणी, थेरपी, पालकांना प्रशिक्षण मिळतं. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी सरकारी शाळांशी जोडलेली ‘भविता’ केंद्रं आहेत. तीव्र आणि बहुविकलांग मुलाला घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आला आहे. व्हीलचेअर, कमोड खुर्ची अशी साधनं केंद्राच्या ‘ॲडिप’ योजनेतून मिळतात. तिथे मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे, तेवढं बघून घ्या.

आता कलम ३८ चा अर्ज कसा लिहायचा, ते सांगते, कारण घरच्या मदतनिसाची मागणी खरी तिथेच करायची आहे. या अर्जात ‘माझ्या मुलाला मदत मिळावी ही विनंती’ एवढंच लिहिलं, तर उत्तरही तेवढंच मोघम येतं. आठ दिवस एक वही ठेवा. पहाटेपासून रात्रीपर्यंत कोणत्या वेळी काय करावं लागलं, किती माणसं लागली, किती मिनिटं गेली, लिहा. रात्री कूस बदलायला किती वेळा उठलात, तेही लिहा. मग वहीवरून मागणी काढा : सकाळी तीन तास पुरुष मदतनीस, आठवड्यातून दोनदा घरी फिजिओथेरपी, हवेची गादी, काळजी घेणाऱ्याचा भत्ता. तास मोजून, नाव घेऊन मागा. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर पोचेचा शिक्का आणि तारीख घ्या. उत्तर आलं नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि तिथे तुमची बाजू त्या शिक्क्यावरच उभी राहते. सगळं मागितलेलं मिळेल, असं मी म्हणत नाही. पण न मागितलेलं मिळत नाही, आणि ज्या गरजेची नोंद नाही तिच्यासाठी योजना कुणी करत नाही. तुम्ही दिलेला प्रत्येक अर्ज पुढच्या योजनेची मागणी असतो.

या वहीच्या आड एक गोष्ट येते, आणि ती सरकारी नाही, आपली आहे. तपासणीच्या दिवशी आपण मुलाला इस्त्रीचा शर्ट घालतो, भांग पाडतो. डॉक्टर विचारतात, “स्वतः जेवतो का?” आई म्हणते, “हो, खातो की.” ती खोटं बोलत नसते. घास तिने केलेला असतो, हात तिने धरलेला असतो, आणि ‘खातो’ यातला स्वतःचा हात तिला दिसेनासा झालेला असतो. शिवाय चार लोकांत आपल्या लेकराला ‘जमत नाही’ म्हणायला जीभ रेटत नाही. ‘आमचं छान चाललंय’ ही आपली सवय. पण कागदावर टक्के कमी लागतात ते तिथेच. मूल्यांकनाच्या खोलीत मुलाचं कौतुक करू नका, त्याच्या गरजा सांगा. कौतुक करायला बाहेर जन्म पडला आहे.

आणि आणखी एक. हे सगळं ठरवताना त्याला विचारा. बोलता येत नसेल, तर खुणेने विचारा. घरी येणारा मदतनीस कोण असावा, आंघोळ सकाळी की संध्याकाळी, दार लावून की उघडं, हे त्याच्या आयुष्यातले निर्णय आहेत. माझ्या मुलाने पहिला मदतनीस नाकारला. कारण? तो टीव्हीचा आवाज बंद करायचा. आम्ही दुसरा शोधला. दोन महिने मी दाराबाहेर उभी राहून ऐकत असे. हळूहळू तेही थांबलं. आज तो माणूस आठवड्यातून पाच दिवस येतो. त्याचा पगार काही अंशी सरकारी पैशातून आणि बराचसा आमच्या पेन्शनमधून जातो. तरी माझी पाठ वाचली आहे, आणि माझ्या मुलाला उचलता येणारे दोन हात या शहरात माझ्याशिवाय आहेत. ‘आमच्यानंतर काय’ याचं एवढं उत्तर मला आज मिळालं आहे.

आता मंडळाकडे वळते. घाबरू नका, मी वर्गणी मागायला आलेली नाही. मला तीन गोष्टी हव्या आहेत.

पहिली : या उत्सवात आपण घरोघरी प्रसाद पोचवतो. तेव्हा ज्या घरात दिव्यांग किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्या घराची नोंद घ्या. त्यांच्या परवानगीने, आणि चौकशीच्या सुरात नाही, आपुलकीने.

दुसरी : आपल्या पिढीतल्या अनेकांना तेलुगू बोलता येतं, पण लिहिता-वाचता येत नाही. कार्यालयात तेलुगू फॉर्म हातात आला की आपण गांगरतो. आपली नातवंडं मात्र शाळेत तेलुगू शिकतात, भराभरा वाचतात. अशी आठ-दहा मुलं आणि चार निवृत्त माणसं मिळून महिन्यातून एक रविवार याच सभागृहात बसा. फॉर्म भरा, झेरॉक्स काढा, आणि सोमवारी कुणीतरी एकजण त्या आईबरोबर कार्यालयात जा. एकटी बाई गेली की तिला ‘उद्या या’ म्हणणं सोपं असतं. एका कार्यालयात मला अकरा वेळा ‘उद्या या’ ऐकावं लागलं. बाराव्या वेळी माझ्याबरोबर शेजारचे निवृत्त हेडमास्तर होते. त्या दिवशी काम झालं.

तिसरी : ज्यांना स्वतःला अर्ज करणं झेपत नाही, त्यांच्या वतीने मंडळाने कलम ३८ चा अर्ज आपल्या लेटरहेडवर द्यावा. कायद्याने संस्थेला तो अधिकार दिला आहे, तो वापरावा. आरतीच्या पाळ्या आपण किती चोख लावतो. आज कुणाचं घर, उद्या कुणाचं, कधी चुकत नाही. तशीच एक पाळी या कामाची लावा.

सरकारची मदत अपुरी आहे, ती तुकड्या-तुकड्यांत आहे, आणि ती मिळवायला पायपीट आहे. पण ती दान नाही, हक्क आहे. हक्काची वस्तू मान खाली घालून मागायची नसते. पुढच्या गणेशोत्सवात या सभागृहाच्या पहिल्या रांगेत खुर्च्या काढून चार व्हीलचेअरची जागा करावी लागली, तर मी समजेन की आजचं बोलणं कामी आलं.

कार्यक्रम संपल्यावर मी दाराजवळच्या टेबलावर बसणार आहे. ज्यांना विचारायचं आहे त्यांनी या. येताना दाखल्याची झेरॉक्स नसली तरी चालेल, नाव-पत्ता सांगा, पुढचं आपण बघू.

गणपती बाप्पा मोरया!